गोदीत कामाला

हार्बर लाईनवरची स्टेशनं एकदा ओळीने म्हणून बघा. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा रोड. ‘कॉटन ग्रीन’ला उतरल्यावर कापूस कुठेच दिसत नाही. कापसाचा बाजार आधी कुलाब्याला भरायचा. १९२०च्या दशकात तो शिवडीच्या बाजूला, समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर हलवला गेला आणि जाताना आपलं नावही सोबत घेऊन गेला. बाजार उठला, नाव राहिलं.

आता फोनवर नकाशा उघडा आणि सॅटेलाइटचं दृश्य लावा. शिवडीपासून माझगावपर्यंत किनाऱ्याने लांबच लांब छपरं दिसतील. ती गोदामं. त्यांच्या मधून लोकल ज्यावर धावते त्याहून वेगळे रूळ गेलेले आहेत. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे होती. ती १९१५ साली सुरू झाली. बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत तिचा मार्ग होता, आणि वडाळ्याला ती देशभरच्या रेल्वेला जोडलेली होती. खानदेशातली कापसाची गाठ असो की पंजाबातला गहू, बोटीत चढण्याआधीचा शेवटचा रेल्वेप्रवास या रुळांवर व्हायचा.

हे सगळं सांगतोय ते इतिहासासाठी नाही. माझी तक्रार साहित्याची आहे. मुंबईवर लिहिलेलं मराठी साहित्य वाचताना मला गिरणी भेटते, चाळ भेटते, झोपडपट्टी, कामाठीपुरा, लोकल, इराणी हॉटेल, सगळं भेटतं. गोदी भेटते ती दोन शब्दांत: ‘गोदीत कामाला’. अमक्याचे वडील गोदीत कामाला होते. पूर्णविराम. आमच्या पिंपळनेरकडे अहिराणीतही असंच म्हणतात, ‘तो गोदीमा शे’. तिथे तो नेमकं काय करतो हे विचारायची पद्धत नाही. प्रश्न असा आहे की ते साहित्यानेही का विचारलं नाही?

बिजागरी

मुद्दा नीट मांडण्यासाठी थोडं लांब जाऊन यावं लागेल. न्यूयॉर्कच्या बंदरात एक गमतीदार व्यवस्था होती. न्यू जर्सीकडून आलेली मालगाडी हडसनच्या काठावर येऊन थांबायची, कारण पलीकडे मॅनहॅटनला किंवा ब्रुकलिनला न्यायला मालगाडीचा पूल नव्हता. मग रेल्वे कंपन्यांनी रूळ बसवलेले सपाट बार्ज केले. भरलेल्या वॅगन तशाच्या तशा बार्जवर ढकलायच्या, टगबोटीने ओढत पलीकडे न्यायच्या आणि तिथल्या रुळांवर उतरवायच्या. याला कार फ्लोट म्हणतात. जर्सी सिटी ते ब्रुकलिन अशी एक सेवा अजूनही चालते.

इंजिनियर माणसाला यातलं सगळ्यात आवडेल ते किनाऱ्यावरचं काम. भरती-ओहोटीने बार्ज वर-खाली होतो, जमिनीवरचे रूळ मात्र जागेवरच असतात. म्हणून मध्ये बिजागरीचा पूल असतो, तो पाण्याच्या पातळीप्रमाणे कललेला ठेवून दोन्हीकडचे रूळ जुळवायचे. जड इंजिन त्या पुलावर नेत नाहीत. मध्ये रिकाम्या सपाट वॅगन जोडून लांबूनच ढकलतात. आणि एकाच बाजूच्या रुळावर वॅगन चढवत गेलात तर बार्ज कलंडतो, त्यामुळे कुठली वॅगन कधी आणि कुठल्या रुळावर हे आधी ठरवावं लागतं.

आपल्याकडेही मोठ्या नद्यांवर हे होतं. गुवाहाटीजवळ शरायघाटचा पूल १९६२ साली झाला, त्याआधी अमीनगाव ते पांडू अशा वॅगन ब्रह्मपुत्रेतून फेरीवर चढून जायच्या. मुंबईला मात्र कार फ्लोटची गरज पडली नाही. ठाण्याच्या खाडीवरून रेल्वे १८५४ मध्येच पलीकडे गेली होती. वॅगन थेट धक्क्यापर्यंत येऊ शकत होती. पण वॅगन धक्क्यावर थांबायची आणि पुढे बोट सुरू व्हायची. रूळ आणि पाणी यांच्या मधलं ते काही फुटांचं अंतर कोण जोडायचं? माणसं. न्यूयॉर्कमध्ये बिजागरी लोखंडाची होती, मुंबईत ती खांद्यांची, पाठींची आणि हातातल्या आकड्यांची होती.

मराठीत वॅगनला ‘वाघीण’ म्हणतात. परका शब्द इतक्या थाटात आपलासा करणारी भाषा त्या वाघिणीच्या पोटात काय असतं आणि ते कोण काढतं, याबद्दल गप्प का राहते? आपल्या रूपकांकडे बघितलं तरी हेच दिसतं. आमच्या गावी खंडोजी महाराजांच्या नामसप्ताहात कीर्तनं ऐकत मोठा झालो. त्यात भवसागर असतो, नाव असते, नावाडी असतो, पैलतीर असतो. बोलण्यातही काम ‘धक्क्याला लागतं’. नाव किनाऱ्याला लागली की आपली गोष्ट संपते. प्रत्यक्षात हमालाचं काम तिथून सुरू होतं.

शेतापर्यंतची कविता

खानदेशच्या वाचकाला हा प्रश्न जरा जास्त टोचतो, कारण त्या वाघिणींत आमचा कापूस होता. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस लँकेशायरला पोचेना, तेव्हा मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच काळात जीआयपी रेल्वेचे रूळ नाशिक, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असे खानदेशात शिरले. वजन वाढवायला कापसात सरकी, माती, पाणी मिसळण्याचे प्रकार इतके झाले की १८६३ मध्ये मुंबई सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. धुळ्याला चाळीसगावहून फाटा आला तो १९०० साली. तोवर आणि त्यानंतरही स्टेशनापर्यंतचं काम बैलगाडीचंच होतं. पिंपळनेरला रेल्वे आजही नाही.

आता बहिणाबाई चौधरींकडे बघू. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली आणि मराठी कवितेला शेतातल्या कामाची अख्खी रांग मिळाली. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र कविता. काम म्हणजे ‘कष्ट’ नावाची एक सरसकट गोष्ट नाही, त्याला क्रम असतो, प्रत्येक पायरीची वेगळी अवजारं, वेगळी हालचाल, वेगळं वारं असतं, हे बहिणाबाईंना माहीत होतं. म्हणून त्यांची कविता वाचताना उपणणारीच्या हातातली पाटी दिसते.

माझं म्हणणं एवढंच की ही रांग शेताच्या बांधावर येऊन थांबते. त्यात बहिणाबाईंचा दोष काहीच नाही, त्यांनी आपलं जग पूर्ण लिहिलं. पण पुढच्या पायऱ्या होत्याच की. जिनिंगमध्ये सरकी निघणं, प्रेसमध्ये रूई दाबून गाठ बांधणं, गाठीवर खूण मारणं, वाघिणीत रचणं, वडाळ्याला वाघिणी वेगळ्या करणं, धक्क्यावर उतरवणं, बोटीच्या खणात रचणं. या प्रत्येक क्रियेला कविता होण्याइतकी हालचाल आहे. तिथे बहिणाबाईंच्या ताकदीचं कोणी उभं राहिलं नाही.

भोंगा नसलेलं काम

गिरणी साहित्यात सहज आली, त्याला कारणं आहेत. गिरणीला दार आहे, भोंगा आहे, पाळी आहे. भोंगा झाला की हजारो माणसं एकदम रस्त्यावर येतात, हे नाटककाराला हवंच असतं. यंत्रासमोर एक माणूस रोज उभा असतो, म्हणजे पात्र आयतं मिळालं. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत गिरणीचा चढ आणि उतार मराठीत नोंदला गेला. १९८२च्या संपाने तर त्या गोष्टीला शेवटही दिला.

गोदीचं काम याच्या उलट. बोट कधी लागेल यावर काम अवलंबून. बोट आली तर दिवसरात्र, नाही आली तर रिकामे हात. माल रोज वेगळा: आज गाठी, उद्या धान्य, परवा मँगनीज. दीर्घकाळ कामगार बंदराचा नव्हताच, तो टोळीचा होता. टोळीवाला नावाचा मध्यस्थ माणसं पुरवायचा आणि मजुरीतला आपला हिस्सा कापून घ्यायचा. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा आला आणि पुढे मुंबईत डॉक लेबर बोर्ड झालं, तेव्हा कुठे त्या नोकरीला नोकरीचं रूप आलं. बंदराबाहेरच्या बाजारपेठांतल्या माथाडींना कायदा मिळायला तर १९६९ उजाडलं. त्यात गोदीत काही तयार होत नाही. कापड नाही, सूत नाही. वस्तू जशी आली तशी पुढे जाते. काम नीट झालं याचा पुरावा म्हणजे काहीच न घडणं.

हे स्पष्टीकरण मला पुरेसं वाटत नाही. कारण एक गोष्ट त्यात येत नाही: जात.

गिरण्यांच्या विणकाम खात्यात दलितांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांचा विटाळाच्या नावाने विरोध असे. १९२०च्या दशकाअखेरच्या संपांच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे ठेवला होता. चांगल्या पगाराचं खातं बंद, मग माणसं कुठे जाणार? रेल्वेत, नगरपालिकेत आणि गोदीत. म्हणजे मुंबईत कोण वस्तू बनवेल आणि कोण वस्तू उचलेल, याची वाटणी बऱ्याच अंशी गावातूनच ठरून आली होती.

या दृष्टीने बघितलं की मराठी साहित्यात गोदी कुठून आत शिरते हे समजतं. ती दलित आत्मकथनांतून येते, आणि बापाची नोकरी म्हणून येते.

बापाच्या कामाचं दार

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) वडील गोदीत कामाला आहेत. कावाखान्याची वस्ती, तिथली माणसं, जुगार, दारू, बायकांचं राबणं हे सगळं पवार इतक्या जवळून लिहितात की वाचून झाल्यावर त्या गल्लीचा वास नाकात राहतो. वडिलांचं पिणं, त्यांचा कोसळत जाणारा संसार, आईचा संताप, सगळं येतं. पण वडील सकाळी जिथे जातात तिथलं जग बंदच राहतं. मला वाटतं याचं कारण साधं आहे. गिरणीच्या फाटकावर डबा घेऊन जाणारं पोर आत डोकावू तरी शकतं. गोदीला भिंत आहे, फाटकावर पहारा आहे, पास लागतो. मुलाला बाप घरी आल्यावरच भेटतो, थकलेला किंवा प्यायलेला. आत्मकथन मुलाच्या नजरेने लिहिलं जातं, आणि मुलाची नजर त्या भिंतीशी थांबते.

मग बापानेच लिहिलं तर? नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’मध्ये (१९९३) हे घडतं. दामोदर जाधव ओझरहून मुंबईला आले, आधी जीआयपी रेल्वेत आणि मग पोर्ट ट्रस्टमध्ये राबले, वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्ट वसाहतीत मुलं वाढवली. निवृत्तीनंतर मुलांनी आग्रह केला म्हणून त्यांनी आपली गोष्ट कागदावर उतरवली. त्यामुळे या पुस्तकात एक गोष्ट होते जी ‘बलुतं’मध्ये होऊ शकत नव्हती: उचलणारा स्वतः बोलतो. बापाच्या भागातली भाषा पाहा. नोकऱ्या कशा मिळाल्या, कशा गेल्या, साहेब कसा होता, यात त्याला रस आहे. हिशेब नेमका आहे, विनोद कोरडा आहे. आणि तरीही पुस्तकाचा ओढा पुढे, मुलांच्या यशाकडे आहे. त्याचा वाचक ‘पोर्ट ट्रस्टमधल्या कामगाराचा मुलगा एवढा मोठा झाला’ हे वाक्य मनात घेऊन उठतो. वाक्यातला पोर्ट ट्रस्ट म्हणजे जिथून सुटायचं ते ठिकाण. जिथून सुटायचं त्याचं वर्णन कोण रमून करेल? ही गोदीची दुसरी भिंत, आणि ती पहिलीपेक्षा उंच आहे.

बाबुराव बागुलांनी १९६३ मध्येच याहून वेगळं करून दाखवलं होतं. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा गोदीत घडत नाही. ती सुरतजवळच्या उधन्याला, रेल्वेच्या नोकरीत घडते. खानदेशातल्या वाचकाला उधना माहीत असतो, कारण नवापूर, नंदुरबार, अमळनेरवरून जाणारी ताप्ती खोऱ्याची लाईन तिथूनच फुटते. नायक नोकरीवर रुजू होतो आणि जात लपवतो. कथेतला सगळा ताण ती कधी उघड होईल याचा. बागुलांच्या डोळ्याने जे हेरलं ते महत्त्वाचं आहे: कामाच्या जागेवर यंत्र सगळ्यांसाठी एकच असतं, पण घर, पाणी आणि सोबत यांच्यापाशी जात उभी असते. लेखक स्वतः रेल्वेत राबलेला आहे. त्यामुळे काम आणि जात या दोन गोष्टी त्याला वेगळ्या काढून दाखवाव्या लागत नाहीत. गोदीवर अशी एक कथा असती तर माझा हा लेख लिहायची गरज नव्हती.

पडद्यावरचा धक्का

सिनेमाने गोदी दाखवली नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. ‘दीवार’ (१९७५) आठवा. बिल्ला नंबर ७८६, हप्ता मागणारे गुंड, गोदामाचं दार आतून लावून झालेली मारामारी. सलीम-जावेद यांनी एक गोष्ट अचूक पकडली: गोदीतली लूट मालाची नंतर आणि मजुरीची आधी असते. पण त्या मारामारीनंतर विजय गोदीतून बाहेर पडतो आणि सिनेमाही. गोदाम म्हणजे पराक्रमाची जागा, पोती म्हणजे पडायला मऊ. त्या पोत्यांत काय होतं आणि ती कुठे निघाली होती याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

शेजारी एलिया कझानचा ‘ऑन द वॉटरफ्रंट’ (१९५४) ठेवा. तो न्यूयॉर्कसमोरच्या होबोकनला चित्रित झाला, म्हणजे कार फ्लोटवाल्या त्याच पाण्याच्या काठी. त्यातला एक प्रसंग मला ‘दीवार’च्या सगळ्या मारामारीपेक्षा जड वाटतो. सकाळी धक्क्यावर माणसं जमलेली, मुकादम कामाचे बिल्ले हवेत उधळतो आणि मोठमोठे बाप्ये चिखलात त्यासाठी झोंबतात. हिंसा आहे ती काम मिळवण्याच्या रीतीतच, गुंड नंतर येतात. आमच्या टोळीवाल्याच्या पद्धतीत हाच प्रसंग रोज घडण्याची सोय होती.

मराठीत ‘सिंहासन’ (१९७९) आहे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरचा. त्यात कामगार पुढारी डिकास्टा आहे आणि तो लक्षात राहतो. मुंबईच्या गोदीने खरोखरच असे पुढारी दिले. पी. डिमेलोंचं नाव रस्त्याला आहे, आणि जॉर्ज फर्नांडिस त्यांच्याच तालमीत तयार झाले. पण पुढारी दिसला म्हणजे कामगार दिसला असं होत नाही. डिकास्टा भाषण करतो, वाटाघाटी करतो. ज्याच्या नावाने करतो तो चौकटीबाहेर राहतो. ईस्टर्न फ्रीवे २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून तर पी. डिमेलो रस्ता आपण वरूनच ओलांडतो.

रचण्याचा क्रम

एक दिवस असा आला की गोदीकडे सगळ्या शहराला बघावं लागलं. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची बोट उभी होती. तिच्यात सुमारे १४०० टन स्फोटकं होती, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. कापूस आणि स्फोटकं एकाच खणात. दुपारी धूर दिसला. चारनंतर थोड्याच वेळाच्या अंतराने दोन स्फोट झाले. शेकडो माणसं मेली, त्यात ६६ अग्निशमन जवान होते. आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

या घटनेबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक सोन्याच्या विटांबद्दल. आकाशातून वीट पडली, कुणाला तरी सापडली वगैरे. मला ही गोष्ट रचण्याची वाटते. कापसाच्या गाठीत दडलेली ठिणगी तासन्‌तास धुमसत राहू शकते, हे गाठ हाताळणाऱ्याला माहीत असतं. स्फोटकं कुठे ठेवायची हेही माहीत असतं. दोन्ही एका खणात आली कारण युद्धाच्या घाईत जागा भरायची होती. कार फ्लोटवर एका बाजूला वॅगन चढवत गेलं की काय होतं, त्याचंच हे भयंकर रूप. माल हाताळण्याच्या कामात कथानक शोधायला जावं लागत नाही. काय आधी चढलं, काय नंतर, कशाच्या शेजारी काय ठेवलं, हेच कथानक असतं. आणि ते ज्यांच्या हातांनी घडतं त्यांना ते ठरवायचा अधिकार नसतो, मरायचा मात्र असतो.

वाघिणींचा लेखक

असं लिहिता येतं का? येतं. आणि ते लिहिणारा भारतातच होता, त्याला आपण वाघांमुळे ओळखतो. जिम कॉर्बेटने तरुणपणापासून वीसेक वर्षं गंगाकाठच्या मोकामा घाटावर माल उतरवण्या-चढवण्याचं कंत्राट सांभाळलं. तिथे ब्रॉडगेज संपायची, नदी आडवी होती, पलीकडे मीटरगेज. सगळा माल एका वॅगनमधून दुसरीत माणसांच्या हातांनी जायचा. राजेंद्र सेतू झाला १९५९ मध्ये, म्हणजे कॉर्बेट गेल्यावर चार वर्षांनी. ‘माय इंडिया’ (१९५२) मधल्या एका मोठ्या प्रकरणात त्याने त्या घाटाची हकीकत लिहिली आहे: तुंबलेला माल, कोळशाच्या वॅगन, रेल्वेकडून अडकलेले पैसे, आणि पगार थकला असताना न सोडून गेलेली माणसं. वाघिणींचा लेखक म्हणून तो मला वाघांच्या लेखकाइतकाच मोठा वाटतो.

त्याची मर्यादाही उघड आहे. तो कंत्राटदार आहे. प्रकरणाचं नावच ‘निष्ठा’ अशा अर्थाचं आहे, आणि निष्ठा हा मालकाच्या बाजूने दिसणारा गुण असतो. तीन महिने पगाराविना कोळसा उपसणाऱ्याने तीच हकीकत सांगितली असती तर तिला त्याने कदाचित ‘उधारी’ म्हटलं असतं. तरीही कॉर्बेटकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तो टन सांगतो, तास सांगतो, फळी कुठे टाकली ते सांगतो. त्याला कामाची लाज नाही आणि कामाचं स्तोत्रही गायचं नाही. आपल्याकडे हमालावर लिहिताना एक तर करुणा येते किंवा क्रांती येते. वजन येत नाही.

‘इन ट्रान्झिट’

१९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि कंटेनरने जुन्या गोदीचं काम खाल्लं. कंटेनर म्हणजे कार फ्लोटमागची कल्पनाच, आणखी पुढे नेलेली: माल हाताळायचाच नाही, पेटीच्या पेटी उचलायची. जानेवारी २०२४ पासून शिवडीहून न्हावा-शेव्याकडे अटल सेतू आहे, २१.८ किलोमीटर. आता मुंबईत बिजागरीला माणूस लागत नाही, असं वाटू शकतं.

मी पोटासाठी गोदामांचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यात प्रत्येक पार्सलला एक स्थिती असते: निघालं, ‘इन ट्रान्झिट’, पोचलं. पहिली आणि शेवटची स्थिती एकेका क्षणाची असते. बाकी सगळा वेळ, कधी चार-चार दिवस, त्या मधल्या एका शब्दात जातो. डेटाबेसमध्ये तो एक रकाना आहे. भिवंडीच्या गोदामात त्या रकान्यात रात्रपाळी असते, कन्व्हेयर असतो, पाठदुखीचा पट्टा असतो, आणि दर तासाला किती पेट्या हाताळल्या याचा पडद्यावर लाल-हिरवा आकडा असतो. टोळीवाला गेला, त्याचा हिशेब अॅपमध्ये आला. ‘इन ट्रान्झिट’ आणि ‘गोदीत कामाला’ हे एकाच जातीचे शब्द आहेत. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही झाकायला वापरले जातात.

म्हणून मी हे जुन्या गोदीच्या आठवणीत उसासे टाकण्यासाठी लिहीत नाही. पिंपळनेरच्या बाजारात कांदा येतो. ट्रॅक्टरमधून उतरतो, लिलाव होतो, गोणीत भरला जातो, ट्रकवर चढतो. त्यात हमाल आहे, मापाडी आहे, गोणी शिवणाऱ्या बायका आहेत. त्यातला काही कांदा कंटेनरमधून समुद्रापार जातो. कांद्याच्या भावावर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं, शेतकऱ्यावर लिहिलं जातं, आणि ते लिहायलाच हवं. पण दाभण गोणीतून जाताना सुतळी किती ओढायची, पन्नास किलोची गोणी एकट्याने पाठीवर घेताना आधी कुठला पाय पुढे टाकायचा, हे अजून कुठल्या मराठी कथेत मला वाचायला मिळालेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी ‘आजोबा गोदीत होते’ एवढंच माहीत असेल, तर पुढचे प्रश्न विचारायला कुणी तरी अजून जिवंत असेल. कुठल्या डॉकमध्ये? टोळीत किती जण? आकडा स्वतःचा की मुकादमाचा? गाठीला किती जणांचे हात लागायचे? पावसाळ्यात काय करायचे? उत्तरं लगेच साहित्य होणार नाहीत. पण ‘बलुतं’मधल्या मुलाला जे दार बंद होतं, ते निदान फोनवरच्या रेकॉर्डरला तरी थोडं उघडेल.